नाव, रूप आणि पाठ : व्हिडिओ गेम विकीवरील माध्यम-फाइलींच्या नामकरणाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

'मायनक्राफ्ट' या खेळाच्या संगणकावरील जावा आवृत्तीत एफ२ ही कळ दाबली की पडद्यावरील दृश्य प्रतिमेच्या स्वरूपात जतन होते. त्या प्रतिमेला खेळच नाव देतो. त्या नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद एवढेच असते. प्रतिमा केव्हा घेतली गेली हे त्यावरून कळते, परंतु तिच्यात काय आहे हे कळत नाही. हीच प्रतिमा जेव्हा खेळाविषयीच्या एखाद्या विकीवर चढवली जाते, तेव्हा परिस्थिती नेमकी उलटी होते. तेथे ती कोणत्या क्षणी घेतली याला फारसे महत्त्व उरत नाही. ती कशाची, खेळाच्या कोणत्या आवृत्तीतील आणि कोणत्या रूपाची, हे सांगावे लागते. म्हणजे चढवणाऱ्याला तिचे नव्याने नामकरण करावे लागते.

वरवर पाहता हे काम कारकुनी स्वरूपाचे वाटते. खेळांच्या अभ्यासात कथानक, नियम, दृश्यरचना यांची चर्चा होते. फाइलींच्या नावांची होत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, विकीवरील फाइलीचे नाव हे एक छोटे संपादकीय विधान असते. दोन प्रतिमा 'एकाच वस्तूच्या' मानाव्यात की 'दोन वेगळ्या रूपांच्या' मानाव्यात, याचा निर्णय त्या नावात झालेला असतो. त्यामुळे नामकरणाच्या पद्धतींची चिकित्सा पाठचिकित्सेच्या निकषांवर करणे योग्य ठरते. यासाठी येथे दोन उदाहरणे घेतली आहेत : पोकेमॉन मालिकेसंबंधीचा 'बल्बापीडिया' आणि 'मायनक्राफ्ट विकी'. या दोन्ही ठिकाणची नावे मुळात रोमन लिपीत आहेत. विवेचनाच्या सोयीसाठी ती येथे देवनागरीत दिली आहेत.

२. नाव म्हणजे पत्ता

उपरोक्त दोन्ही विकी 'मीडियाविकी' या प्रणालीवर चालतात. विकिपीडियासाठी विकसित झालेल्या या प्रणालीची काही वैशिष्ट्ये प्रथम लक्षात घेतली पाहिजेत. घरच्या संगणकावर आपण फाइली कप्प्यांत ठेवतो. कप्प्याचे नाव आणि फाइलीचे नाव मिळून तिची ओळख पूर्ण होते. त्यामुळे दोन कप्प्यांत एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात. मीडियाविकीत असे कप्पे वापरकर्त्याला उपलब्ध नाहीत. सर्व फाइली एकाच पातळीवर असतात आणि प्रत्येकीचे नाव संपूर्ण विकीत एकमेव असावे लागते. नाव हाच तिचा पत्ता होय.

या पत्त्याचे नियमही काटेकोर आहेत. सर्वसाधारण मांडणीत पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत घेतले जाते, मात्र पुढील अक्षरांच्या बाबतीत लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळला जातो. फाइलीचा प्रकार दाखवणारे शेवटचे उपपद, उदाहरणार्थ पीएनजी किंवा जेपीजी, हाही नावाचाच भाग असतो. म्हणून ते एकदा मोठ्या लिपीत आणि एकदा लहान लिपीत लिहिले गेले तर प्रणालीच्या दृष्टीने त्या दोन भिन्न फाइली ठरतात.

सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. अस्तित्वात असलेल्या नावावरच दुसरी प्रतिमा चढवली, तर ती जुन्या प्रतिमेची जागा घेते आणि जेथे जेथे ती फाइल वापरलेली असेल त्या सर्व पानांवर नवी प्रतिमा दिसू लागते. जुनी प्रतिमा नष्ट होत नाही. ती फाइलीच्या इतिहासात राहते. परंतु त्या जुन्या अवतरणाला स्वतःचे नाव नसल्यामुळे लेखात ती नेहमीच्या पद्धतीने घालता येत नाही. ज्याला नाव नाही ते लेखकाच्या हाती येत नाही. अशा प्रकारे नावाचा प्रश्न हा स्मरण आणि विस्मरण यांचा प्रश्न बनतो.

३. बल्बापीडिया : साधनदर्शक संकेत

पोकेमॉन मालिकेतील प्रत्येक जीवाला एक राष्ट्रीय क्रमांक असतो. पिकाचूचा क्रमांक २५. बल्बापीडियाने या क्रमांकाला नामकरणाचा आधार बनवले. या ज्ञानकोशासाठी लागणाऱ्या प्रतिमा 'बल्बागार्डन आर्काइव्हज' या स्वतंत्र माध्यम-भांडारात ठेवल्या जातात. खेळातील छोट्या चित्रांसाठी तेथे दीर्घकाळ रूढ असलेल्या पद्धतीत 'एसपीआर ४डी ०२५ एम' अशा प्रकारचे नाव आढळते. 'एसपीआर' म्हणजे खेळातील छोटे चित्र, 'स्प्राइट'. '४' म्हणजे चौथी पिढी. 'डी' म्हणजे 'डायमंड' व 'पर्ल' हे खेळ. '०२५' हा क्रमांक. आणि 'एम' म्हणजे नर. शेवटच्या अक्षराची आवश्यकता का भासली, याला मालिकेचा इतिहास कारण आहे. २००६ साली आलेल्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांपासून काही जीवांच्या नर व मादीच्या रूपांत दृश्य भेद दाखवला जाऊ लागला. नामकरणाने खेळातील बदल टिपला, असे येथे म्हणता येईल.

या पद्धतीचा अधिक सूक्ष्म गुण पहिल्या पिढीच्या नावांत दिसतो. जपानमध्ये १९९६ साली प्रथम 'रेड' आणि 'ग्रीन' हे खेळ आले. त्याच वर्षी पुढे 'ब्लू' आला आणि त्यात जीवांची चित्रे नव्याने काढलेली होती. १९९८ साली अमेरिकेत 'रेड' व 'ब्लू' या नावांनी जे खेळ प्रसिद्ध झाले, त्यांत जपानी 'ब्लू'मधील चित्रे वापरली गेली. म्हणजे जपानी 'रेड' आणि अमेरिकी 'रेड' यांचे नाव एक, पण चित्रे भिन्न. केवळ खेळाच्या शीर्षकावर विसंबून फाइलींना नावे दिली असती, तर दोन भिन्न चित्रसंच एका नावाखाली मिसळले असते. बल्बापीडियाच्या संकेतात जपानी 'रेड-ग्रीन'साठी '१जी' आणि 'ब्लू'च्या चित्रांसाठी '१बी' अशा खुणा आहेत. येथे नाव देणाऱ्याने शीर्षके न मोजता साधने ताडून पाहिली आहेत. हे संपादकाचेच काम होय.

या संकेताचा व्यावहारिक लाभही मोठा आहे. नाव नियमबद्ध असल्याने विकीवरील साचा केवळ क्रमांक घेऊन आवश्यक ते नाव स्वतः तयार करू शकतो. शेकडो पानांवर तेच कोष्टक हाताने भरावे लागत नाही.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा सुबोधतेची. संकेत माहीत नसलेल्या नवागताला '४डी' म्हणजे काय हे कळत नाही. त्याने चुकीचे नाव दिले तर साचा ते उचलत नाही आणि त्याचे योगदान पानावर दिसतच नाही. दुसरी मर्यादा गृहीतकाची. तीन अंकी क्रमांक हे ९९९ पर्यंतच पुरतात. पहिल्या पिढीत १५१ जीव असताना ही मर्यादा दूरची वाटणे स्वाभाविक होते. २०२२ साली आलेल्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या खेळांत हजाराचा टप्पा ओलांडला गेला आणि खेळानेच चार अंकी क्रमांक स्वीकारले. त्यानंतर भांडारातील अधिकृत चित्राचे '०२५पिकाचू' असलेले नाव '००२५पिकाचू' झाले. चित्रात काहीच बदलले नव्हते, तरी पत्ता बदलला. संकेत जितका आटोपशीर, तितकी त्यातील गृहीतके अदृश्य राहतात आणि ती कोसळली की दुरुस्ती एकाच वेळी सर्वत्र करावी लागते.

४. मायनक्राफ्ट विकी : रूपांची गणती

पोकेमॉनचा प्रत्येक खेळ बाजारात आल्यावर बव्हंशी स्थिर राहतो. 'मायनक्राफ्ट'चे तसे नाही. २००९ साली तो प्रथम लोकांसमोर आला आणि तेव्हापासून त्यात सातत्याने भर पडत आहे. २३ एप्रिल २०१९ रोजी आलेल्या १.१४ या आवृत्तीत खेळातील ठोकळ्यांची व वस्तूंची पृष्ठचित्रे मोठ्या प्रमाणावर नव्याने आली. खेळ तोच, वस्तू तीच, नावही तेच. रूप मात्र वेगळे. शिवाय या खेळाच्या 'जावा' आणि 'बेडरॉक' अशा दोन आवृत्ती-शाखा आहेत आणि त्यांतील बदल नेहमी एकाच वेळी होत नाहीत.

या स्थितीत मायनक्राफ्ट विकीने निराळा मार्ग स्वीकारला. तेथील नावात प्रथम वस्तूचे सुबोध नाव येते आणि त्यानंतर रूपाचा अनुक्रम. 'कॉबलस्टोन जेई५ बीई३' या धाटणीच्या नावाचा अर्थ असा की, हे कॉबलस्टोन या ठोकळ्याचे जावा शाखेतील पाचवे आणि बेडरॉक शाखेतील तिसरे रूप आहे. नवे रूप आले की जुन्या फाइलीवर नवी प्रतिमा न चढवता पुढील क्रमांकाची नवी फाइल निर्माण केली जाते. परिणामी जुन्या रूपाला आपले नाव टिकवता येते आणि वस्तूविषयीच्या लेखातील इतिहासाच्या भागात सर्व रूपे क्रमाने मांडता येतात.

या निर्णयाचे महत्त्व ठसवण्यासाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जावा शाखेत खेळाच्या प्रारंभकामुळे जुन्या आवृत्त्या आजही चालवता येतात. १.१४ पूर्वीची पृष्ठचित्रेही 'प्रोग्रामर आर्ट' या नावाने खेळासोबत ठेवली गेली. बेडरॉक शाखेत, विशेषतः भ्रमणध्वनी व खेळयंत्रांवर, सामान्य खेळाडूला मागील आवृत्तीकडे परतण्याची अशी सोय नाही. नवी आवृत्ती आली की जुनी तिच्याखाली दबून जाते. अशा वेळी त्या शाखेतील एखाद्या वस्तूचे पूर्वीचे रूप कसे होते, याचे सर्वांना सहज पाहता येईल असे साधन म्हणजे कुणा स्वयंसेवकाने वेळीच घेतलेली आणि स्वतंत्र नावाने ठेवलेली प्रतिमा होय. तीच प्रतिमा पुढच्या स्वयंसेवकाने 'अद्ययावत' करण्याच्या उत्साहात झाकून टाकली, तर तो इतिहास पानावरून नाहीसा होतो.

मात्र या पद्धतीतही एक मूलभूत दोष आहे, आणि तो मांडणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. 'पाचवे रूप' असे म्हणण्यासाठी आधीची चार रूपे ठाऊक असावी लागतात. अनुक्रम हे संपूर्ण ज्ञानाचे आश्वासन असते. उद्या कुणाला दुसऱ्या व तिसऱ्या रूपांच्या मध्ये अल्पकाळ अस्तित्वात असलेले आणखी एक रूप सापडले, तर तिसऱ्यापासून पुढील सर्व क्रमांक एकेकाने सरकवावे लागतील. जेई५ हे जेई६ होईल. आणि ज्या पानांवर, टिपणांत वा चर्चेत 'जेई५' असा उल्लेख झाला आहे, तेथे तो आता भलत्याच रूपाचा निर्देश करील. फाइलीचे नाव बदलल्यावर प्रणाली जुन्या नावाकडून नव्याकडे वळवणारी खूण ठेवते. परंतु जुने नाव दुसऱ्याच प्रतिमेला द्यायचे असल्यास ती खूणही टिकत नाही. ज्ञानात भर पडल्यामुळे आधीचे उल्लेख चुकीचे ठरावेत, ही कोणत्याही संदर्भव्यवस्थेची गंभीर उणीव मानावी लागेल.

नावाच्या शब्दभागाचीही अडचण आहे. खेळातील वस्तूंची नावे बदलतात. २०२० साली १.१६ आवृत्तीत 'झोंबी पिगमन' हा 'झोंबिफाइड पिगलिन' झाला. २०२३ साली १.२०.३ आवृत्तीत 'ग्रास' या वनस्पतीचे 'शॉर्ट ग्रास' झाले. २०१२ सालचे रूप दाखवणाऱ्या प्रतिमेला कोणते नाव द्यावे? तेव्हाचे दिले तर मालिका तुटते. आजचे दिले तर प्रतिमेतील काळाशी ते विसंगत ठरते. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे. म्हणूनच हा प्रश्न तांत्रिक नसून चिकित्सेचा आहे.

५. पाठचिकित्सेचा दाखला

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. त्या प्रकल्पात असंख्य पोथ्यांतील पाठभेद नोंदवण्यासाठी प्रत्येक पोथीला एक खूण दिली गेली. खुणेतील रोमन अक्षर बहुधा पोथीची लिपी दाखवते : बंगालीसाठी 'बी', तेलुगूसाठी 'टी', ग्रंथ लिपीसाठी 'जी', मल्याळमसाठी 'एम'. त्यापुढील अंक त्या गटातील विशिष्ट पोथी दाखवतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 'बी३' म्हणजे 'तिसऱ्या क्रमाने घडलेला पाठ' नव्हे. 'बंगाली गटातील, जिला आपण तीन म्हणतो ती पोथी' एवढाच त्याचा अर्थ. अंक केवळ ओळख पटवतो. कोणता पाठ प्राचीन, कोणता प्रक्षिप्त, कोणत्या पोथ्या एका शाखेतील, हे संपादकाचे अनुमान असते आणि ते प्रस्तावनेत व टीपांत सविस्तर मांडले जाते. अनुमान बदलले तरी खूण बदलावी लागत नाही. साधनाची ओळख आणि साधनाविषयीचा निष्कर्ष यांना वेगवेगळ्या जागी ठेवण्याचे हे शहाणपण आहे.

या कसोटीवर पाहता बल्बापीडियाचा संकेत साधनाशी निगडित असल्याने अधिक टिकाऊ ठरतो. '१बी' हे चित्र कोठून घेतले ते सांगते, त्याचा कालक्रम सांगत नाही. मायनक्राफ्ट विकीचा अनुक्रम मात्र निष्कर्षालाच ओळख बनवतो. याउलट वाचकाला आपले म्हणून वाटेल असे नाव देण्यात मायनक्राफ्ट विकी सरस आहे. एकाने स्थैर्य साधले, दुसऱ्याने सुबोधता. अर्थात पोथी आणि खेळ यांतील अंतरही विसरता कामा नये. पोथी ही एक भौतिक वस्तू आहे, तर सतत बदलणाऱ्या खेळाचे 'साधन' म्हणजे त्याची विशिष्ट आवृत्ती. म्हणून अशा खेळाच्या बाबतीत, ज्या आवृत्तीत ते रूप प्रथम आढळले तिचा क्रमांक नावात घालणे, हा अनुक्रमाला अधिक सुरक्षित पर्याय ठरू शकतो. मधले रूप नव्याने सापडले तरी त्यामुळे इतर नावे हलणार नाहीत. ते रूप याहून आधीच्या आवृत्तीत होते असे सिद्ध झाले, तर केवळ त्या एका फाइलीचे नाव सुधारावे लागेल.

६. वर्गीकरण आणि नावाचा अतिभार

नावावर एवढा भार येण्याचे एक कारण असे की, मांडणीची इतर साधने पुरेशी वापरली जात नाहीत. मीडियाविकीत प्रत्येक फाइलीला स्वतःचे पान असते. त्या पानावर वर्णन, उगम, हक्कविषयक सूचना आणि वर्ग लिहिता येतात. एक फाइल अनेक वर्गांत असू शकते. नाव मात्र एकच असते. त्यामुळे खेळ, पिढी, वस्तूचा प्रकार, प्रतिमेचा प्रकार ही माहिती वर्गांत जाणे श्रेयस्कर. हक्कविषयक नोंद तर विशेष आवश्यक आहे. विकिमीडिया कॉमन्स हे भांडार केवळ मुक्त परवान्याचे साहित्य स्वीकारते. व्यापारी खेळांतील चित्रे सर्वसाधारणपणे तेथे ठेवता येत नाहीत. म्हणून खेळांच्या विकींना स्वतःची भांडारे सांभाळावी लागतात आणि प्रत्येक चित्राचा उगम सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते.

२०२३ साली मायनक्राफ्ट विकीच्या संपादकवर्गाने फॅन्डम या व्यासपीठावरून स्वतंत्र ठिकाणी स्थलांतर केले. जुनी विकीही मागे राहिली. एकाच नावांच्या हजारो फाइली त्यामुळे दोन ठिकाणी आल्या आणि दोन्ही ठिकाणी त्यांत पुढे स्वतंत्रपणे बदल होऊ शकतात. नाव एकमेव असते ते एका विकीपुरतेच, याची जाणीव या घटनेने करून दिली. अभ्यासकाने अशा प्रतिमेचा संदर्भ देताना नावासोबत विकी आणि दिनांक नोंदवणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

७. देवनागरी नावांचा प्रश्न

मीडियाविकी मराठीतही वापरली जाते. मराठी विकिपीडियावर फाइलींच्या नामविश्वाला 'चित्र' आणि वर्गांच्या नामविश्वाला 'वर्ग' असे म्हणतात. वरील विवेचन देवनागरी नावांना लागू करताना दोन अधिकच्या अडचणी दिसतात. या प्रणालीत फाइलीचे नाव २४० बाइटपेक्षा मोठे असू शकत नाही. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतील प्रत्येक घटकाला, म्हणजे अक्षर, मात्रा व हलन्त-चिन्ह यांना स्वतंत्रपणे, तीन बाइट लागतात. 'कोल्हापूर' या शब्दात असे नऊ घटक आहेत. म्हणजे २७ बाइट झाले. वर्णनात्मक नावाची मोकळीक मराठीत साहजिकच कमी आहे.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे टंकित होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन नावे असतात. शोधणाऱ्याला एक सापडते, दुसरे सापडत नाही. आपल्या महाविद्यालयांतून हस्तलिखिते, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांची अंकीय भांडारे उभी करताना हा प्रश्न येणारच आहे. त्या वेळी टंकनाचा एकच प्रकार ठरवून घेणे हे नामकरणाच्या नियमावलीतील पहिले कलम असावे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, नव्या रूपासाठी नवे नाव आणि त्याच रूपाच्या अधिक चांगल्या प्रतीसाठी तेच नाव, हा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. भांडाराची स्मरणशक्ती यावरच अवलंबून आहे. दुसरा, नावात साधनाची ओळख असावी, साधनाविषयीचे अनुमान नसावे. क्रम, पूर्वापरता आणि महत्त्व यांची जागा फाइलीच्या पानावर व वर्गांत आहे. तिसरा, संकेत संक्षिप्त असला तरी नवागताला तो वाचता आला पाहिजे, कारण अशी भांडारे वेतनाविना काम करणाऱ्यांच्या बळावर उभी आहेत.

या खेळांचे निर्माते आपली निर्मिती पुढे नेत राहणार, हे स्वाभाविक आहे. मागे काय होते हे सांगण्याचे काम मात्र अज्ञात स्वयंसेवकांनी अंगावर घेतले आहे. त्यांनी दिलेल्या नावांत कधी दूरदृष्टी, कधी घाई, कधी चूक आढळते. ती नावे संपादनाचा भाग मानून तपासली, तर त्यांतील गुणांचे श्रेय त्यांना देता येईल आणि दोष वेळीच दाखवता येतील.